गावची शाळा बांधायची, तर पैसे कसे उभे करायचे?

मावळ, मुळशी, भोर, वेल्हे (आता राजगड), जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर शाळा किंवा वर्गखोली बांधून द्यावी, असे वाटणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे येत असतात. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. संस्थांचे हिशेब तपासणारे लेखापाल आणि ग्रामीण शाळांची बांधकामे पाहणारे अभियंते यांनी मिळून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दहा निवृत्त मित्र. वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीत शाळा बांधावी, अशी इच्छा आहे. आपापसात आठ लाख रुपये जमले आहेत, बाकीचे लोकांकडून गोळा करू. सुरुवात कुठून करावी? (कोथरूड)

पैसे गोळा करणे आधी थांबवा. तुम्हाला नवी शाळा काढायची आहे, की असलेल्या शाळेला खोल्या बांधून द्यायच्या आहेत, हे पहिल्यांदा ठरवा. दोन्हींचे कायदे वेगळे आणि खर्च तर फारच वेगळे.

नवी खासगी शाळा काढायची तर महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम, २०१२ नुसार शासनाची परवानगी लागते, आणि अशा शाळेला सरकारी अनुदान मिळत नाही. म्हणजे शिक्षकांचा पगार कायमचा तुमच्याकडे. दोन शिक्षक, प्रत्येकी महिना १५ हजार धरले तरी वर्षाला ३ लाख ६० हजार, दहा वर्षांत ३६ लाख. इमारतीपेक्षा पगार जड होतो. इमारत उभी राहते, उद्घाटन होते आणि तिसऱ्या वर्षी पगार थकतात. गरीब वस्तीत फी घेऊन ही तूट भरून निघत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत : नवी शाळा काढू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेला खोली, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, कुंपण द्या. तिथे शिक्षकांचा पगार शासन देते.

शाळा निवडताना यूडायसवर (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) तिची माहिती पाहा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. पट, खोल्या, स्वच्छतागृहे यांची नोंद तिथे मिळते. मागच्या पाच वर्षांचा पट मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. पट विसाच्या खाली गेला असेल आणि दरवर्षी घटत असेल, तर खोली बांधण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांना समायोजनाबद्दल (शाळा दुसऱ्या शाळेत मिळवण्याबद्दल) थेट विचारा. पानशेतला परिसरातल्या लहान शाळा एकत्र आणून समूह शाळेचा प्रयोग झाला आहे. तशी योजना तुमच्या वाडीसाठी असेल तर दोन वर्षांत खोलीला कुलूप लागेल. तिथे मुलांच्या गाडीचा खर्च उचलणे जास्त उपयोगाचे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकाला किमान एक खोली लागते. चाळीस मुलांच्या शाळेत दोन धड खोल्या असतील तर तिसरीचा आग्रह धरू नका. बहुधा तिथे स्वच्छतागृहाची किंवा पाण्याची गरज जास्त निघेल.

मग जागेचे कागद. शाळा ज्या जमिनीवर उभी आहे तिचा सातबारा, गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. पुष्कळ जुन्या शाळा कुणीतरी तोंडी दिलेल्या जागेवर आहेत. देणारा गेला, की नातवंडे हक्क सांगतात आणि काम जोत्यावर अडते. अशा ठिकाणी सातबाऱ्यावरच्या सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांनिशी नोंदणीकृत बक्षीसपत्र जिल्हा परिषदेच्या नावे करून घ्या. एका भावाची सही राहिली तरी ते अपुरे. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६अ मुळे मामला जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातो, त्यामुळे तहसील कार्यालयात आधी विचारा. डोंगरातल्या वस्त्यांना गावठाणच नसते, सगळी जमीन वनखात्याची. तिथेही वाट आहे : वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार शाळेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागता कामा नयेत.

यानंतर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचे मागणीपत्र, मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षण विभाग, अशी वाट आहे. नकाशा आणि अंदाजपत्रक बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून तपासून घ्या. जुनी खोली पाडायची असेल तर तिचे निर्लेखन (सरकारी नोंदीतून ती रीतसर कमी करणे) झाल्याशिवाय एक वीटही काढू नका. ती सरकारी मालमत्ता आहे. गावकऱ्यांनी उत्साहाने आधीच पाडली, तर मुख्याध्यापक अडचणीत येतात आणि तुमची परवानगीही लटकते. काम संस्था स्वतः करून ताबा देणार, की रक्कम जिल्हा परिषदेकडे जमा करणार, हे करारनाम्यात लिहा. आम्ही पहिली पद्धत सुचवतो : काम तुमचे, तपासणी त्यांच्या अभियंत्याची. खर्च आणि दर्जा, दोन्हींवर तुमची नजर राहते.

प्रश्न : एका ठेकेदाराने एका खोलीचा खर्च साडेपंधरा लाख सांगितला. तेवढीच रक्कम दात्यांना सांगावी का? (बिबवेवाडी)

नाही. निधी अपुरा पडण्याचे सर्वात मोठे कारण म्हणजे ठेकेदाराचा आकडा जसाच्या तसा पत्रकावर छापणे. एक हिशेब मांडून पाहू. दर उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तीन लेखी दरपत्रके घ्याच.

आतून २० बाय २५ फुटांची खोली आणि पुढे ८ फुटांचा व्हरांडा, ९ इंची भिंती धरून, सुमारे ७८० चौरस फूट होतात. दर २,००० रुपये धरला तर १५ लाख ६० हजार. इथपर्यंत ठेकेदाराचा आकडा बरोबर आहे. पण तो बहुधा जीएसटी सोडून असतो. १८ टक्क्यांनी २ लाख ८१ हजार त्यात पडले, की १८ लाख ४१ हजार झाले. घाटातली वाहतूक आणि पाण्याचे टँकर यांचा १ लाख, आरसीसी डिझाइन आणि देखरेख ६० हजार, बाके, फळे, वीजजोडणी १ लाख २० हजार, अनपेक्षित खर्चासाठी दहा टक्के म्हणजे १ लाख ८४ हजार, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी १ लाख बाजूला. बेरीज २४ लाख ५ हजार. स्वच्छतागृह यात नाही.

वाहतुकीचा खर्च कमी लेखू नका. अशा बांधकामाला ढोबळ हिशेबाने चौरस फुटाला ०.४ पोते सिमेंट आणि साडेतीन किलो सळई लागते. म्हणजे ३१० पोती आणि पावणेतीन टन सळई. मोठा ट्रक वाडीपर्यंत पोचत नसेल तर माल खालच्या गावात उतरवून पिकअपने वर न्यावा लागतो. दीड टनाच्या पिकअपमध्ये ३० पोती बसतात, म्हणून नुसत्या सिमेंटच्याच दहा-अकरा खेपा. खडी, क्रश सँड, विटा वेगळ्या. प्रत्येक वेळी चढ-उताराची हमाली.

पाण्याचेही तसेच. मार्चमध्ये डोंगरावरच्या विहिरी तळाला जातात आणि नेमका तेव्हाच स्लॅब पडलेला असतो. साध्या सिमेंटला किमान सात आणि पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. आमच्याकडच्या उन्हात १४ दिवस माराच. वीस फुटी गाळ्याच्या स्लॅबखालच्या टेकूंना १४ दिवसांआधी हात लावू नये. सेंट्रिंगच्या भाड्यासाठी ठेकेदार घाई करतो, त्याला अडवायला कुणीतरी जागेवर हवे. गावकऱ्यांच्या पिण्याच्या विहिरीतून बांधकामाला पाणी घेतले तर काम गावाच्या मनातून उतरते. टँकरचे पैसे मोजा.

आणि वेळापत्रक पावसावर बांधा. मुळशी-वेल्ह्यात जून ते सप्टेंबर काम होत नाही. पाया नोव्हेंबरात, जोते डिसेंबरात, स्लॅब फेब्रुवारी-मार्चमध्ये, गिलावा-फरशी मे अखेर. त्यासाठी निम्मे पैसे दिवाळीपूर्वी बँकेत हवेत. मार्चमध्ये पैसे आले आणि घाईने एप्रिलात पाया खणला, तर पावसाळ्यात उघड्या सळया गंजतात आणि उरलेले सिमेंट गोठते. सिमेंट नीट ठेवले तरी तीन महिन्यांत त्याची ताकद साधारण वीस टक्के घटते. स्वस्त मिळाले म्हणून साठा करू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीतून आणि ओळखीच्यांकडून वर्गणी काढणार आहोत. आमची नोंदणीकृत संस्था नाही. चालेल का? दाते ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) विचारतात. (सहकारनगर)

नोंदणी नसताना सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात ती हीच. पुण्यातले धर्मादाय सहआयुक्त कार्यालय ढोले पाटील रस्त्यावर आहे. एकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा त्याच्या यूपीआयवर पैसे घेणे मात्र टाळा. त्याच्या उत्पन्नात तो आकडा दिसतो आणि मैत्रीतही कटुता येते.

एकाच खोलीसाठी नवी संस्था काढू नये, असे आम्हाला वाटते. संस्थेसाठी किमान सात सभासद, घटना, नोंदणी, मग दरवर्षी लेखापरीक्षण, बदल अर्ज (विश्वस्त वगैरे बदलले की धर्मादाय कार्यालयाला कळवण्याचा), आयकर विवरण, हे सगळे खोली बांधून झाल्यावरही मागे राहते. त्यापेक्षा त्या भागात काम करणाऱ्या, १२ए (संस्थेच्या उत्पन्नावरील करसवलतीची नोंदणी) आणि ८०जी असलेल्या जुन्या विश्वस्त संस्थेशी लेखी करार करा. या कामासाठी वेगळे बँक खाते, तुमच्या गटातले दोघे देखरेख समितीवर, दर महिन्याचे खातेउतारे तुम्हाला, आणि काम न झाल्यास उरलेल्या पैशाचे काय, एवढे त्यात हवेच.

दात्यांना ८०जी बद्दल खरे सांगा. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के वजावट मिळते, तीही एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत आणि फक्त जुन्या करप्रणालीत. १० हजार देणाऱ्याची करपात्र रक्कम ५ हजाराने घटते. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह १,५६० रुपये वाचतात. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला धरत नाहीत. नव्या करप्रणालीत असलेल्याला काहीच मिळत नाही. पावतीवर नाव, पत्ता, पॅन त्याच वेळी घ्या. संस्थेला ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी (मिळालेल्या देणग्यांचा तपशील) भरायचा असतो आणि मगच दात्याला १०बीई प्रमाणपत्र मिळते. मे महिन्यात दोनशे जणांना पॅनसाठी फोन करत बसणे फार जिकिरीचे होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून पावतीवर छापायचा मजकूर लेखापालाकडून तपासून घ्या.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत असतो. तो दोन खोल्यांचे पैसे द्यायला तयार आहे. थेट संस्थेच्या खात्यात पाठवले तर? (औंध)

भावाचा पासपोर्ट कोणता, यावर सारे आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर तो कुठेही राहत असला, तरी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, ती देणगी विदेशी आहे. ती पुण्यातल्या खात्यातून रुपयांत दिली तरीही विदेशीच.

अशी देणगी एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेने पैसे घेऊन तुमच्या संस्थेकडे वळवणे २०२०च्या दुरुस्तीनंतर बंद झाले आहे. ते काम त्या संस्थेने स्वतः करायला हवे. ‘आधी जमा करू, मग बघू’ असे इथे कधीही करू नका. समाजमाध्यमांवर आवाहन टाकताना परदेशी कार्डावरून पैसे येणार नाहीत, अशी सोय पेमेंट गेटवेवर करून घ्या.

प्रश्न : चाकण, रांजणगावच्या कंपन्यांकडून सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळवायचा आहे. पत्रे पाठवली, उत्तर येत नाही. (चिंचवड)

बहुतेक पत्रे चुकीच्या महिन्यात जातात. कंपनीची सीएसआर समिती वार्षिक आराखडा साधारण एप्रिल ते जूनमध्ये ठरवते. जानेवारीत पाठवलेल्या पत्राला फार तर उरलेल्या रकमेतून काही मिळते, आणि ते ३१ मार्चपूर्वी खर्च करून दाखवायचे असते. स्वच्छतागृह, सोलर, बाके यांसाठी असा पैसा घ्यावा. खोलीसाठी घेऊ नये, कारण दोन महिन्यांत स्लॅब होत नाही.

संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, १२ए, ८०जी आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. नव्या संस्थेने इथे जुनीचा हात धरावा. २०२१च्या नियमांनुसार सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाच्या, नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या किंवा लाभार्थी गटाच्या नावे असावी लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेचा प्रस्ताव इथे सरस ठरतो. त्यामुळे पहिल्याच पानावर लिहा : जागा कुणाची, इमारत कुणाच्या नावे राहणार, पट किती, यूडायस क्रमांक काय, जिल्हा परिषदेची संमती कोणत्या तारखेची. दहा पानांच्या गौरवापेक्षा या पाच ओळी वाचल्या जातात. सोबत मंजूर नकाशा आणि अंदाजपत्रक जोडा.

कंपनी पैसे टप्प्याटप्प्याने देते, बहुतेकदा टप्पा झाल्यावर. मधले दोन महिने ठेकेदाराला कुठून द्यायचे, याची सोय लोकवर्गणीतून करून ठेवा. नाहीतर काम लिंटेलला (दारे-खिडक्यांवरच्या तुळईला) थांबते.

शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा गावकऱ्यांचा सहभाग आणि कंपन्यांची मदत यांतून उभी राहिली. एकट्या कंपनीच्या भरवशावर न राहता दोन्ही जोडावेत, ते यासाठीच.

प्रश्न : गावातल्या गरीब लोकांकडूनही वर्गणी घ्यावी का? काही दाते म्हणतात, ‘गावाने काहीतरी दिलेच पाहिजे’. (तळेगाव दाभाडे)

गावाचा वाटा असावा, पण तो रुपयांतच मोजू नये. रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापन झाली ती लोकांच्या पाठबळावरच, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्याच्याकडे होते त्याने स्वतःहून दिले. कातकरी कुटुंबाकडून घरटी हजार रुपये वसूल करणे, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. आम्ही तिच्या विरोधात आहोत. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून देणगी घेणे तर शिक्षण हक्क कायद्याने गुन्हा आहे. शिक्षकांना वर्गणी गोळा करायला लावू नका.

श्रमदानाचा हिशेब दात्यांना दाखवण्याआधी माणसे गावात असतील का ते पाहा. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तुमचे बांधकाम नेमके याच काळात. जानेवारीत श्रमदान ठेवले तर म्हातारी माणसे आणि दोन-चार पोरे येतात. त्यातूनही, ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला कामावर घ्या आणि मजुरी द्या. गावात पैसा राहतो आणि कामही टिकते. श्रमदान पावसाळा संपताच, एखाद्या रविवारी : जागा साफ करणे, मुरूम भरणे, डबर वाहणे. स्लॅबच्या दिवशी नको. तो मिक्सर लावून एका दमात, जाणत्या माणसांकडूनच व्हायला हवा. मध्येच थांबला तर सांध्यातून पहिल्याच पावसात गळतो.

ग्रामपंचायतीकडे मात्र हक्काने जा. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित असतो. शाळेचे स्वच्छतागृह आणि पाण्याची टाकी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालता येते. त्यासाठी आराखड्याच्या ग्रामसभेला हजर राहून ठराव मांडा. जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खासदार निधी यांतूनही शाळांची कामे होतात. एकाच खोलीला दोन योजनांतून पैसे दाखवले जाणार नाहीत, याची खातरजमा लेखी करा.

प्रश्न : आमचे काम स्लॅबपर्यंत येऊन थांबले. ठेकेदाराने ७० टक्के पैसे घेतले आणि आता येत नाही. दाते विचारतात. (भोर)

आजच्या आज दात्यांना लिहा : किती आले, किती गेले, काम कुठे आहे, किती कमी पडतात. फोटो जोडा. लपवलेले काम पुढे सरकत नाही, आणि नवे दातेही याच दात्यांच्या ओळखीतून येतात.

मग त्रयस्थ अभियंत्याकडून झालेल्या कामाची मोजमापे घ्या. किती ब्रास खोदाई, किती घनमीटर काँक्रीट, किती सळई, यावर झालेल्या कामाची किंमत निघते. ती ४५ टक्के निघाली आणि दिलेले ७० टक्के असले, तर फरक किती हे लेखी नोटिशीत मांडता येते. नवा ठेकेदार मोजमापे झाल्याशिवाय आणू नका, नंतर कुणी काय केले हे सिद्ध होत नाही. स्लॅब पडला असेल पण वॉटरप्रूफिंग नसेल, तर पावसाआधी किमान उतार काढून घ्या आणि उघड्या सळयांना सिमेंटचा पातळ लेप द्या.

पुढच्या करारात आगाऊ रक्कम दहा टक्क्यांवर नको. जोते झाल्यावर २०, लिंटेलला २०, स्लॅबला ३०, गिलावा-फरशीला १०, ताब्याला ५, आणि शेवटचे ५ टक्के एक पूर्ण पावसाळा पाहून. प्रत्येक टप्प्याला अभियंत्याची सही. ठेकेदाराच्या बिलातून टीडीएस कापायचा विसरू नका : वैयक्तिक ठेकेदाराला एक टक्का, भागीदारी किंवा कंपनीला दोन टक्के. तो न कापल्याचा भुर्दंड संस्थेला बसतो आणि तो कोणत्याच दात्याच्या निधीतून देता येत नाही.

प्रश्न : मोठ्या देणगीदाराला खोलीवर वडिलांचे नाव हवे आहे. द्यावे का? (डेक्कन जिमखाना)

खोलीवर फलक लावायला हरकत नाही, पण जिल्हा परिषदेच्या करारातच त्याचा मजकूर आणि आकार लिहून घ्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वाद नको. शाळेचेच नाव बदलण्याचे वचन मात्र देऊ नका. तो अधिकार ना तुमचा, ना मुख्याध्यापकांचा. फलकावर गावाच्या श्रमदानाचा आणि लहान वर्गणीदारांचाही उल्लेख करा, आणि तो ग्रॅनाइटचा नको, साधा रंगवलेला असू द्या. वाचलेल्या पैशात खोलीत दोन पंखे बसतात.